इंदूरच्या तरुण गायकासाठी: आपली प्रतिमा कशी घडवावी आणि श्रोता कसा जोडून ठेवावा

इंदूरच्या मराठी घरांत मुलांनी गाणे शिकणे ही काही विशेष घटना मानली जात नाही. रामबाग, राजेंद्रनगर किंवा सुदामानगर येथील कितीतरी मुले-मुली संगीताच्या परीक्षा देत विशारदपर्यंत पोहोचतात, गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर गातात, दिवाळी पहाटेला एखादे भक्तिगीत त्यांच्या वाट्याला येते, आणि मग पंचविशीच्या आसपास त्यांच्यातील बहुतेकांच्या लक्षात येते की गळा तयार असूनही केवळ आपल्या नावावर सभागृह भरत नाही. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. यात कसे गावे ते सांगितलेले नाही. रियाज, गुरू आणि तालीम या गोष्टी आहेत असे गृहीत धरले आहे. श्रोत्याच्या मनात आपली एक ओळख कशी उभी राहते आणि ती राहिल्यावर तो पुन्हा पुन्हा का येतो, एवढ्याचाच येथे विचार केला आहे.

‘प्रतिमा’ या शब्दाविषयीचा संकोच मात्र आधी बाजूला ठेवावा लागेल. शास्त्रीय संगीताच्या वातावरणात वाढलेल्यांना प्रतिमेचा विचार म्हणजे दिखाऊपणा वाटतो. वास्तविक प्रतिमा प्रत्येक गायकाची असतेच. जो तिच्याकडे लक्ष देत नाही त्याची ती इतरांच्या बोलण्यातून बनते. ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक रिचर्ड डायर यांनी १९७९ मध्ये चित्रपटताऱ्यांविषयी केलेली मांडणी गायकांनाही लागू पडते. त्यांच्या मते ताऱ्याची प्रतिमा चार वाटांनी लोकांपर्यंत येते: मुद्दाम केलेली जाहिरात, मुलाखती व कुजबुज यांतून पसरणारी माहिती, प्रत्यक्ष चित्रपट, आणि समीक्षक व जाणकार त्याविषयी जे बोलतात-लिहितात ते. आपल्या बाबतीत पहिली वाट म्हणजे कार्यक्रमाचे पत्रक, दुसरी म्हणजे साथीदार आणि आयोजक आपल्या पाठीमागे जे बोलतात ते, तिसरी म्हणजे गाणे, आणि चौथी म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना एखादा जाणकार आपल्याविषयी जे एक वाक्य बोलतो ते. पहिल्या वाटेवर आपला पूर्ण ताबा असतो, पण तिच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवत नाही; चौथीवर आपला काहीच ताबा नसतो आणि इंदूरसारख्या शहरात तीच सर्वांत दूरवर जाते.

म्हणून पहिले काम असे करावे: एक तबलजी, एक आयोजक, आपल्या नात्यात नसलेला एक नेहमीचा श्रोता आणि आपल्याला फक्त ऐकून ओळखणारा एक माणूस अशा चौघांना आपल्या गाण्याचे वर्णन एका वाक्यात करायला सांगावे आणि ती वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्यावीत. चौघांच्या वाक्यांत जे समान निघेल ती आपली आजची प्रतिमा. काहीच समान निघाले नाही, किंवा चौघांनीही ‘चांगलं गातो’ एवढेच म्हटले, तर अजून प्रतिमा बनलेलीच नाही असे समजून पुढे वाचावे.

आधी काय गाणार नाही ते ठरवावे

प्रतिमा घडवण्याची सुरुवात काही गोष्टी वगळण्यापासून होते, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण इंदूरचेच आहे. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) या शहरात वाढले. त्यांचे वडील शहामीर खाँ सारंगी वाजवत. अतिविलंबित लय, झुमरा ताल, मेरुखंडाच्या (थोड्याच स्वरांचे क्रम बदलत जाण्याच्या) अंगाने होणारी बढत, मिटलेले डोळे आणि हातवाऱ्यांचा पूर्ण अभाव ही त्यांची ओळख होती, आणि मैफलीत ते ठुमरी गात नसत. ‘बैजू बावरा’ (१९५२) आणि ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या चित्रपटांसाठी ते गायले, पण चित्रपटांमुळे आलेल्या नव्या श्रोत्यासाठी त्यांनी मैफलीतले गाणे हलके केले नाही. परिणाम असा झाला की कोणत्याही गावातल्या श्रोत्याला त्यांच्या मैफलीला जाताना आपण कशासाठी जात आहोत हे ठाऊक असे, आणि ज्याला ते नको असे तो घरी राहत असे. श्रोत्यांची ही आपोआप होणारी निवड गायकाच्या हिताचीच असते, कारण जो आला तो पुढल्या वेळीही येण्याची शक्यता मोठी असते.

दुसरे उदाहरण अरुण दाते यांचे. १९३४ साली इंदूरमध्ये जन्मलेले, रामूभैया दाते यांच्यासारख्या थोर रसिकाच्या घरात वाढलेले, लहानपणी कुमार गंधर्वांकडे शिकलेले आणि पुढे वस्त्रोद्योगातले अभियंता झालेले अरुण दाते अनेक प्रकार गाऊ शकले असते. त्यांनी मराठी भावगीत धरले आणि ते आयुष्यभर सोडले नाही. साठच्या दशकाच्या आरंभी श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले मंगेश पाडगावकरांचे ‘शुक्रतारा’ लोकांच्या ओठी बसले, आणि पुढे त्याच नावाच्या कार्यक्रमाचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले. गाण्याचे नाव कार्यक्रमाला मिळाले आणि त्या कार्यक्रमाने गायकाची ओळख पक्की केली. ज्यांना हळुवार, शब्द जपणारे गाणे हवे होते त्यांना कोणाकडे जायचे हे विचारावे लागले नाही.

आपण हे कसे करावे? गेल्या वर्षभरात लोकांसमोर गायलेल्या सर्व गाण्यांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर ते का गायले ते एका शब्दात लिहावे: आयोजकाने सांगितले, गुरूंनी शिकवले, स्वतःला आवडले, किंवा टाळ्या हमखास मिळतात म्हणून. शेवटच्या कारणाची गाणी आधी काढावीत, कारण त्या टाळ्या बहुतेक वेळा मूळ गायकाला पडलेल्या असतात. उरलेल्यांतून आपले क्षेत्र शोधावे, आणि ते दोन तासांचा कार्यक्रम पेलेल इतके रुंद पण एका वाक्यात सांगता येईल इतके नेमके असावे. नाट्यपद त्याच्या मूळ रागाच्या विस्तारासह गाणे, संतरचना गाताना त्यांचा अर्थ थोडक्यात सांगणे, माळव्याची लोकगीते आणि मराठी ओव्या शेजारी शेजारी मांडणे, ही अशी क्षेत्रे होत. यांपैकी शेवटचे मला इंदूरच्या गायकासाठी विशेष मोलाचे वाटते. कुमार गंधर्वांनी जवळच्याच देवासात राहून माळव्याच्या लोकधुनांकडे ज्या गांभीर्याने पाहिले ती परंपरा येथे हाताशी आहे, आणि मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांचा श्रोता एकाच सभागृहात बसलेला असणे हा पुण्या-मुंबईच्या गायकाला सहसा न मिळणारा लाभ आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात झाला, आणि त्यामुळे त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम या शहरात वर्षभर होत असतात. तरुण गायिकांना तेथे संधी सहज मिळते, आणि ती घ्यावीही. मात्र त्या कार्यक्रमाला येणारा श्रोता लताबाईंसाठी आलेला असतो. त्याच्या मनातली प्रतिमा त्यांची असते आणि गायिका तिची आठवण करून देणारी असते. वर्षानुवर्षे केवळ हेच केले तर सभागृह भरते, पण श्रोता आपला होत नाही. म्हणून अशा कार्यक्रमांची संख्या ठरवून ठेवावी, आणि प्रत्येकात निदान एक रचना आपल्या क्षेत्रातली, आपल्या नावाने सादर करण्याची परवानगी आयोजकांकडे आधीच मागून घ्यावी.

आयोजक भलतीच मागणी करतो तेव्हा नुसता नकार देऊ नये. ‘हे मी गात नाही’ असे म्हटले की संबंध तुटतो. ‘त्या जागी मी अमुक गातो, आपल्या श्रोत्यांना ते आवडेल’ असे म्हटले की निदान बोलणे सुरू राहते. निवडलेले क्षेत्र किमान दोन-तीन वर्षे बदलू नये.

नाव आणि परिचय

१९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी आपले नाव इंग्रजीत उच्चारले, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तेथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे त्यावरून कळे. ती कारखान्याची सोय होती, पण घराघरांत तेच वाक्य त्यांची ओळख बनले. याउलट १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील लताबाईंच्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते; ‘कामिनी’ हे चित्रपटातल्या पात्राचे नाव छापले होते. गाणे गाजल्यावर ही गायिका कोण अशी विचारणा करणारी पत्रे आकाशवाणीकडे येऊ लागली, आणि मग नाव जाहीर झाले. श्रोत्यांची निष्ठा गायकाला काय मिळवून देऊ शकते याचे ते आपल्याकडचे फार महत्त्वाचे उदाहरण आहे. पण सगळ्यांच्याच वाट्याला पत्रे लिहिणारे श्रोते येत नाहीत, म्हणून नावाची काळजी स्वतःच घ्यावी.

आपले नाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावे: पत्रकावर, यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर, गाण्यांच्या ॲपवर आणि बँकेच्या खात्याशी जोडलेल्या नोंदणीतही. एके ठिकाणी आडनावासह, दुसरीकडे टोपणनावाने, तिसरीकडे वडिलांच्या नावासह असे झाले की ऐकणाऱ्याला आपण सापडत नाही. प्रत्येक ध्वनिचित्रफितीखाली गीतकार, संगीतकार, तबला, संवादिनी आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणारे यांची नावे लिहावीत. हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय डायर यांच्या मांडणीतली दुसरी वाट, म्हणजे साथीदारांचे बोलणे, याच गोष्टीने आपल्या बाजूची होते.

परिचयाचा मजकूर हा मला फार दुर्लक्षित भाग वाटतो. निवेदक माइकसमोर उभा राहून वाचू लागतो: वयाच्या पाचव्या वर्षापासून संगीताची आवड, अमुक गुरूंकडे प्राथमिक धडे, तमुक स्पर्धेत द्वितीय, मग आणखी काही पुरस्कार, मग सन्माननीय उपस्थितांची नावे. दुसऱ्या ओळीतल्या आजी पिशवीतून चष्म्याचे घर काढतात, मागच्या रांगेत भ्रमणध्वनी उघडले जातात, तंबोरा जुळून बसलेला असतो आणि गायकाचे हात मांडीवर अवघडतात. हा सगळा मजकूर खरा असतो, पण त्यातले एकही वाक्य दुसऱ्या कोणत्याही गायकाला लावता आले असते. परिचय चार वाक्यांचा असावा. पहिल्यात गुरू, दुसऱ्यात आपण काय गातो, तिसऱ्यात आज ते का ऐकावे, आणि चौथ्यात पहिल्या रचनेचे व तिच्या कवीचे नाव. उदाहरणार्थ: ‘यांनी गेली काही वर्षे माळवी आणि मराठी स्त्रीगीते एकत्र गोळा केली आहेत. आज त्यांतली जात्यावरची आणि पाळण्याची गाणी त्या गाणार आहेत.’ ही दोन वाक्ये ऐकणारा माणूस घरी गेल्यावर शेजाऱ्याला तशीच सांगू शकतो, आणि प्रतिमा पसरते ती याच मार्गाने. मजकूर स्वतः लिहून, मोठ्या अक्षरात छापून निवेदकाच्या हाती द्यावा आणि एवढेच वाचण्याची विनंती करावी.

वेश आणि बोलणे

याविषयी फार सांगण्यासारखे नाही. वेश गाण्याशी सुसंगत असावा आणि वारंवार बदलू नये. लताबाईंची पांढरी साडी, उषा उत्थुप यांची कांजीवरम आणि ठसठशीत टिकली यांचे सामर्थ्य त्या वर्षानुवर्षे तशाच राहिल्या यात आहे. उषा उत्थुप पाश्चात्त्य ढंगाची गाणी त्या वेशात गात राहिल्या, आणि त्या दोन गोष्टींचा मेळ फक्त त्यांचाच झाला. कोणाचा वेश उचलू नये. छायाचित्रे वर्षातून एकदा चांगल्या छायाचित्रकाराकडून, शक्यतो गाताना काढलेली घ्यावीत. मंचावर दोन गाण्यांमध्ये बोलायचे असेल तर ते गाण्याविषयी बोलावे. डिसेंबर २०२४ मध्ये पंजाबी गायक दिलजीत दोसांझ यांचा इंदूरला प्रचंड मोठा कार्यक्रम झाला. त्यांनी तो इंदूरचे उर्दू शायर राहत इंदौरी यांना अर्पण केला आणि त्यांचा शेर म्हटला. ज्या गावात गातो त्या गावाचा कवी गायकाला ठाऊक असणे हे श्रोत्याला किती आपलेपणाचे वाटते, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

लोकप्रियता आणि निष्ठा

एखादी चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली की आपल्याला चाहते मिळाले असे वाटते, पण पाहणारा आणि निष्ठावान श्रोता यांत मोठे अंतर आहे. निष्ठेच्या माझ्या मते तीन खुणा आहेत: श्रोता दुसऱ्यांदा स्वतःच्या पैशाने तिकीट काढतो, येताना आणखी एकाला घेऊन येतो, आणि अनोळखी रचना सुरू झाली तरी उठत नाही. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची, कारण तेथे त्याने गाण्यावर नाही, गायकावर विश्वास टाकलेला असतो.

मराठी माणसाला हे समजून घेण्यासाठी बालगंधर्वांपेक्षा (१८८८–१९६७) वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही. स्त्रिया त्यांच्या नेसण्याची आणि दागिन्यांची नक्कल करत, हा प्रतिमेचा भाग झाला. निष्ठेचा भाग वेगळा होता. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी प्रयोग केला; प्रेक्षकांना ते ‘अन्नदाते मायबाप’ म्हणत, आणि तो प्रेक्षक त्यांच्या या शब्दावर विश्वास ठेवत होता, कारण त्याने त्यासाठी मोजलेली किंमत पाहिली होती. पुढे कर्ज झाले, वय झाले, नाटकाचा काळ सरला, तरीही त्यांचे गाणे ऐकण्यासाठी जमणारी माणसे उरलीच. प्रतिमा हा श्रोत्याला दिलेला शब्द असतो आणि तो पाळला जातो हे पुन्हा पुन्हा अनुभवाला आले की निष्ठा निर्माण होते, असे मी मानतो. आपल्यावर इतक्या कठोर प्रसंगाची वेळ येऊ नये. पण वेळेवर सुरू करणे, आजारी असताना खोटे कारण न सांगणे, वीस श्रोते आले तरी दोनशे आल्यासारखे गाणे, हे शब्द पाळण्याचेच प्रकार आहेत, आणि त्या वीस जणांना ते कायम लक्षात राहते.

श्रोत्याला काही करायला द्यावे

निष्ठा नुसत्या ऐकण्याने वाढत नाही. श्रोत्याला स्वतः काही करता आले की वाढते. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली त्या काळापासून गावोगावी श्रोता संघ निघाले आणि फर्माइशींची कार्डे पाठवण्यात झुमरी तिलैया या खाणींच्या गावाचे नाव देशभर झाले. गाणे रेडिओवर लागणारच होते, पण ज्याचे नाव निवेदकाने घेतले त्याला ते स्वतःचे वाटले. बीटल्सच्या चाहता मंडळाच्या सभासदांना १९६३ पासून १९६९ पर्यंत दर नाताळात फक्त त्यांच्यासाठी केलेली एक पातळ तबकडी मिळत असे. कोरियाच्या बीटीएस या वृंदाचे चाहते स्वतःला ‘आर्मी’ म्हणवतात. २०२० मध्ये वृंदाने वर्णद्वेषविरोधी चळवळीला दहा लाख डॉलर दिल्यावर त्यांनी तितकीच रक्कम सुमारे एका दिवसात आपसांत उभी केली. आणि आपल्याजवळच, खंडव्याला, ४ ऑगस्ट या जन्मदिनी व १३ ऑक्टोबर या स्मृतिदिनी किशोर कुमार यांच्या समाधीपाशी लोक दूध-जलेबीचा नैवेद्य घेऊन येतात आणि गातात. इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेल्या या गायकाला जाऊन दशके लोटली, पण त्या लोकांना वर्षातून दोनदा काही करायचे असते म्हणून ते जोडलेले आहेत.

इंदूरच्या मराठी समाजाला अशा बांधिलकीची सवय आहे. ‘सानंद’ या येथील मराठी सांस्कृतिक संस्थेचे सभासद वर्षभराचे पैसे आधी भरतात, नाटक कोणते येणार ते ठाऊक नसतानाही. त्यांच्या प्रेक्षकगटांपैकी एकाला रामूभैया दाते यांचे नाव आहे, म्हणजे या शहरात उत्तम रसिकाचेही नाव जपले जाते. याच सवयीचा आधार तरुण गायकाने घ्यावा.

त्यासाठी एक जाड वही पुरेशी आहे. कार्यक्रमाच्या दाराशी ती ठेवावी आणि येणाऱ्याने नाव, दूरध्वनी व एक फर्माइश लिहावी. मध्यंतरात चिठ्ठ्या येतात त्याही तिच्यात चिकटवाव्यात. घरी आल्यावर वही नीट वाचावी. कोणी ‘काहीही चालेल’ लिहिलेले असते, कोणी अर्धवट आठवणारी ओळ लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातलेले असते, एखाद्याने ‘आई म्हणायची ते’ एवढेच लिहिलेले असते. आपल्या क्षेत्रात बसणारी फर्माइश पुढच्या कार्यक्रमात गावी आणि त्या व्यक्तीला चार दिवस आधी दूरध्वनी करून सांगावे की आपण सुचवलेली रचना बसवली आहे, अवश्य यावे. अर्धवट ओळीचे पूर्ण गाणे शोधून काढावे. शोधात पिगडंबरच्या लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालयासारख्या ठिकाणी जाताना त्या श्रोत्यालाही बरोबर न्यावे. हे वेळखाऊ आहे, आणि जाहिरातीवर खर्च केलेल्या पैशापेक्षा कितीतरी अधिक फळ देणारे आहे.

व्हॉट्सॲपवर समूह करायचा झाल्यास त्यात फक्त वहीतले, स्वतः होकार दिलेले लोक घ्यावेत. सुप्रभात, वाढदिवस आणि राजकारण यांना तेथे जागा नाही हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि पाळून घ्यावे. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, तालमीतला एखादा तुकडा किंवा रचनेविषयी चार ओळी पाठवाव्यात, आणि दर तिमाहीला कोणाच्या तरी घरी पंचवीस-तीस जणांची बैठक करावी. सतरंज्या, चहा आणि ध्वनिव्यवस्था यांची जबाबदारी श्रोत्यांनी आपसांत वाटून घेतली की ती बैठक गायकाएवढीच त्यांचीही होते.

पैशाचा हिशेब

अमेरिकी लेखक केव्हिन केली यांनी २००८ मध्ये असे मांडले की कलाकाराला उपजीविकेसाठी लाखो लोकांची गरज नसते. जे काही काढू ते विकत घेणारे एक हजार खरे चाहते पुरतात. आपल्याकडच्या तिकीटदरांत आणि बिदागीत हा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही, पण दिशा बरोबर आहे. यूट्यूबवर जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यासाठी एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिले जाणे, किंवा नव्वद दिवसांत लघुफितींना एक कोटी दर्शने ही अट आहे. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादे गाणे वर्षभरात एक हजार वेळा ऐकले गेले नाही तर त्याचे मानधन मिळत नाही. तेथून आरंभी फार मिळेल अशी अपेक्षा धरू नये. या माध्यमांचा उपयोग नव्या माणसाला आपल्यापर्यंत आणण्यासाठी करावा, आणि उत्पन्नाचा आधार तिकीट, बैठका व शिकवण्या यांवर ठेवावा. फुकट पास मात्र वाटू नयेत. तिकीट शंभर रुपयांचे असले तरी असावे, कारण पैसे न भरता आलेला श्रोता पुन्हा येईल की नाही हे आपल्याला कधीच कळत नाही.

दुसऱ्यांची गाणी तिकीट लावून सादर करताना गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या त्यांच्या हक्कसंस्थेचा परवाना लागतो. तो आयोजकाने घेतला आहे का ते विचारावे. स्वतःची रचना कोणत्याही कंपनीला देताना मूळ ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे राहणार हे लेखी विचारावे. २०१२ च्या कायदा-दुरुस्तीने गीतकार व संगीतकाराचा मानधनातला वाटा सुरक्षित केला आहे, पण ध्वनिमुद्रणाची मालकी ही वेगळी बाब आहे. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्ट यांच्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ ध्वनिमुद्रणे २०१९ मध्ये विकली गेली तेव्हा २०२१ पासून त्यांनी ते अल्बम पुन्हा गाऊन काढायला सुरुवात केली, आणि चाहत्यांनी निश्चयाने नवी आवृत्तीच ऐकली. २०२५ मध्ये जुनी ध्वनिमुद्रणेही त्यांनी विकत घेतली. एवढी निष्ठा पाठीशी असलेल्या गायिकेलाही सहा वर्षे लागली, म्हणून सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवण्यात संकोच करू नये.

प्रतिमेला तडा जातो तेव्हा

मिली व्हॅनिली या पॉप गायकांच्या जोडीला १९९० मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी तो काढूनही घेतला गेला, कारण ध्वनिमुद्रणातले आवाज त्यांचे नव्हतेच. हल्ली आपल्या शहरात ट्रॅकवर, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या वाद्यसंगीतावर, गाण्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात, आणि ट्रॅकवर गाणे यात काहीच गैर नाही. पण पत्रकावर ते लिहावे. वाद्यवृंद असल्याचे भासवून पेनड्राइव्ह लावला की एका संध्याकाळचा खर्च वाचतो, आणि ज्याच्या ते लक्षात येते तो पुन्हा येत नाही. मुद्रणात सूर दुरुस्त करून घ्यावेत, मात्र मंचावर जे गाता येत नाही ते मुद्रणात गाऊ नये. समाजकार्याचेही तसेच आहे. इंदूरच्या पलक मुच्छल यांनी लहानपणी, १९९९ च्या कारगिल युद्धाच्या वेळी, जवानांसाठी गाऊन निधी जमवला, आणि पुढे कार्यक्रमांच्या उत्पन्नातून हजारो मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांना मदत केली. त्यांची प्रतिमा त्या कामातून आली आहे. छायाचित्रापुरते केलेले काम लोक लगेच ओळखतात.

निष्ठेला एक कडवट बाजूही असते. आपले चाहते दुसऱ्या गायिकेच्या चित्रफितीखाली जाऊन वाईट लिहू लागले, तर गप्प बसणे म्हणजे संमती देणे आहे. त्याच दिवशी समूहात स्पष्ट लिहावे की त्या माझ्या सहकारी आहेत, असे लिहिणाऱ्याने ते काढून टाकावे. न ऐकणाऱ्याला समूहातून काढावे, तो कितीही जुना असला तरी. तसेच कोणी महागड्या भेटवस्तू देऊ लागला, वेळीअवेळी दूरध्वनी करू लागला, तर सौजन्याने पण पहिल्याच वेळी थांबवावे, आणि तरुण गायिकांनी अशा गोष्टी एकटीने न हाताळता घरच्यांना व आयोजकांना सांगाव्यात.

बदल करताना

कधीतरी गायकाला आपले क्षेत्र बदलावेसे वाटते, आणि तो हक्क त्याचा आहे. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात अमेरिकी लोकगायक बॉब डिलन विद्युत गिटार घेऊन मंचावर आले आणि श्रोत्यांतून निषेधाचे आवाज उठले. ते मागे फिरले नाहीत आणि इतिहासाने त्यांना योग्य ठरवले, पण त्यांच्याकडे तोवर कमावलेले पुष्कळ होते. आपण थोडे सावकाश जावे. नवा प्रकार आधी घरच्या बैठकीत, वहीतल्या जुन्या श्रोत्यांसमोर गावा आणि त्यांना काय वाटले ते विचारावे. सभागृहात तो मध्यंतरानंतर दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा, म्हणजे श्रोता स्थिरावलेला असतो आणि पुढे ओळखीची रचना येणार हेही त्याला ठाऊक असते. पत्रकावर ‘नवे’ असे स्पष्ट छापावे. आणि ज्या गाण्याने आपल्याला हे श्रोते मिळाले ते कितीही वेळा गाऊन झाले असले तरी यादीतून काढू नये, त्याचे अंतरे गाळू नयेत आणि ते सर्वांत शेवटी, पूर्ण तयारीने गावे.